सोमवारची उत्तरं

बंबात दोन ढलप्या जास्तीच्या सारल्या होत्या, तरी न्हाणीघरातून यांचं "पाणी कोमटच आहे गं" चाललंच होतं. धाकटी वेणीसाठी माझ्याकडे पाठ करून बसली होती, तव्यावर पोळी होती, आणि माझं लक्ष दोन्हीकडे अर्धं अर्धं. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेला तेव्हा घरं थोडी आणि रिकामे प्लॉट फार, त्यामुळे जानेवारीतला वारा कुणाला न विचारता थेट स्वयंपाकघरात यायचा. तेवढ्यात पुढचं दार वाजलं. ओळखीची माणसं आमची कडी वाजवतात, दूधवाला हाक मारतो. हे तळहातानं वाजवलेलं दार होतं. दोनदा वाजलं आणि मग गप्प झालं, वाजवणारा पस्तावला असावा तसं.

दारात वडनेरचे नत्थूजी उभे होते. डोक्याला दुपट्टा, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी, डोळे रात्र जागून काढल्यासारखे. आत या म्हटलं तर चपलाच काढेनात.

"वयनी," ते म्हणाले, "आमची बुढी नापास झाली."

पन्नाशीला आलेला माणूस आईचा निकाल सांगायला आलाय, हे ऐकून धाकटी फिस्सकन हसली. मी तिला आत पिटाळलं. नत्थूजींच्या तोंडाकडे बघून मला काही हसू आलं नाही.

बुढी म्हणजे मनकर्णाबाई. वडनेरला आमच्या सासरच्या घराला लागूनच त्यांचं घर. आमचे हे त्यांना लहानपणापासून काकी म्हणतात, म्हणून मीही काकीच म्हणते. मी नवी नवरी होऊन तिथे गेले तेव्हा बी. ए. झालेली सून विहिरीत दोर कसा सोडते ते बघायला अर्धी गल्ली जमली होती. दोर माझ्या हातातून सुटला, बादली विहिरीत गेली, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मनकर्णाकाकी पुढे आल्या, गळ टाकून बादली काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हसता कायले? शाळेत दोर शिकवत नाईत. तुमच्यातली एक तरी आपलं नाव लिहून दाखवा बरं." त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

उंच, काटक बाई. आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून मारलेली हाक पलीकडच्या वावरात पोचावी. डोमाजी, म्हणजे त्यांचे मालक, लवकर गेले. मूल एकच, नत्थू. वावर त्यांनी स्वतः केलं, दिरांशी भांडून बांध राखला, सून आणली, नातवंडं पाहिली. सत्तरी उलटली तरी कापसाच्या वेचणीला बायांच्या पुढे असत. दिवाळीनंतर अंगण सारवताना ओल्या सारवणावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. वर्ध्याच्या एका दवाखान्यात हाड बसवलं, आणि तिथून त्यांना पलीकडच्या लांब खोलीत हलवलं. तिथे म्हाताऱ्या माणसांना पुन्हा उभं राहायला, चालायला शिकवतात. लोक त्याला व्यायामाचा वॉर्ड म्हणत.

त्या वॉर्डात खाटा मोजक्या आणि माणसं फार. म्हणून तिथे एक पद्धत होती. शिकवलेलं ज्याच्या लक्षात राहील त्याला ठेवून घ्यायचं. ज्याच्या राहणार नाही त्याला घरी पाठवायचं, घरच्यांना कूस कशी बदलायची ते दाखवून. दर शनिवारी मोठे डॉक्टर फेरी मारत आणि कोण राहील, कोण जाईल ते ठरवत. घरी गेलेला माणूस खाटेवर गेला, आणि खाटेवरून उठला नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लक्षात राहतं की नाही हे ठरवायचं कसं, हा प्रश्न आमच्या शेजारच्या शरयूचा. ती तिथली तरुण डॉक्टर. मूळची पुण्याची, पलीकडच्या घरात दोन खोल्या घेऊन राहायची आणि रविवारी माझ्याकडे जेवायची. बाहेरदेशीच्या डॉक्टरांनी म्हाताऱ्यांच्या बुद्धीची परीक्षा बघायला प्रश्नांचे दोन कागद बनवले होते. एक आखूड, दहा प्रश्नांचा. दुसरा लांब, तीस गुणांचा, त्यात चित्र काढणं न् कागद दुमडणंही. दोन्ही कागद त्याच माणसांना देऊन आपल्याकडे कुठला चालतो ते तिला बघायचं होतं. "दोन काटे आहेत काकू," ती म्हणाली होती. "एकच गाठोडं दोन्हींवर ठेवायचं, आणि कुठला काटा किती खोटं बोलतो ते पाहायचं." दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघींनी बसून ते प्रश्न साध्या बायांना कळतील अशा मराठीत केले होते. करताना मजा वाटली होती. आज वार कोणता, आपण कुठल्या जिल्ह्यात आहोत, हे तीन शब्द लक्षात ठेवा, मी मग विचारीन. असले प्रश्न आपण घरात दिवसातून दहा वेळा एकमेकांना विचारतो. त्यावर कुणाचे पाय ठरतील असं मनातही आलं नव्हतं.

नत्थूजींनी ओसरीत उभ्या उभ्या सांगितलं ते असं. सोमवारी आखूड कागद झाला, त्यात बुढी पास. बुधवारी लांब कागद झाला, त्यात नापास. तीसपैकी पुरे दहाही पडले नाहीत. डॉक्टरीणबाई स्वतःच चकरावल्या आणि शनिवारी मोठ्या डॉक्टरांना विचारू म्हणाल्या. वॉर्डातल्या लोकांनी मात्र शनिवारची वाट पाहिली नव्हती. नापास झाला की नागपूरच्या पागलखान्यात धाडतात, असं कुणीतरी बुढीला सांगितलं होतं. तेव्हापासून तिनं भाकर शिवली नव्हती.

मी म्हटलं, असं कुणी कुणाला पाठवत नाही. त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसला नव्हता. मग खाली बघत म्हणाले, "पेपर तुम्हीच मराठीत केला म्हन्ते. दुसऱ्या पेपराचे सवाल सांगा न् मले. शनिवारपर्यंत मी तिच्याकडून पुन्हा पाठ करून घेतो."

"ते मला नाही सांगता येणार, नत्थूभाऊ," मी म्हटलं. "मी दुपारी तिकडे येते."

ते गेले. पोळी करपली होती. शेंगा सोलायला घेतल्या तेव्हा त्यांचा तो "पुन्हा" माझ्या ध्यानात आला. म्हणजे एकदा पाठ करून झालं होतं.

दुपारी डब्यात भाकरी आणि भरीत, पुडीत तिळाचे लाडू घेऊन गेले. मंगळवारीच संक्रांत झाली होती. लांब खोली, मधोमध हाताला धरून चालायचे दोन लोखंडी दांडे, त्यांच्या टोकाला आरसा, कोपऱ्यात कुठेच न जाणाऱ्या तीन लाकडी पायऱ्या. काकी उशीला टेकून बसल्या होत्या. एवढी उंच बाई, पण त्या खाटेवर लहान दिसत होती. शेजारच्या खाटेवर आनंदाबाई, हिंगणघाटकडची, डावं अंग लुळं पडलेली. जीभ मात्र दोन्हीकडून शाबूत.

"सूनबाई आली," काकी म्हणाल्या, आणि माझा हात धरला. पाच-सहा बाया मागे वळल्या.

मी लाडू हातावर ठेवत सहज म्हटलं, "यायला उशीरच झाला बघा. आज वार कोणता?"

मी दुसऱ्याच कशासाठी विचारत होते, आठवड्यातून एक वार आमच्याकडे पाणी येत नाही, असलं काहीतरी. पण काकी एकदम ताठ बसल्या. दोन्ही हात मांडीवर घेतले, नजर समोरच्या भिंतीवर लावली आणि एका दमात म्हणाल्या, "सोमवार, तेरा तारीख, जानेवारी महिना, शहाऐंशी साल, जिल्हा वर्धा, केळं, कात्री, कंदील."

त्या दिवशी गुरुवार होता.

"बरोबर हाय," आनंदाबाई बाजूनं म्हणाल्या. "कंदील शेवटीच हाय."

मला आधी हसूच आलं. मग एकेक बाहेर पडलं. शरयूची पद्धत अशी की ज्याला प्रश्न विचारायचे त्याला आदल्या दिवशी सांगायचं, उगाच अचानक घाबरवायचं नाही. आणि वॉर्डातल्या बायांची पद्धत अशी की जे आपल्याला आलं ते शेजारणीच्या ओटीत घालायचं. पहिल्या बाईला विचारलेलं तिनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. रोज सकाळी तोंड धुतलं की सगळ्यांची उजळणी व्हायची. वार आणि तारीख तेवढी बदलायची. नव्यानं आलेल्या बाईला चहाच्या आधी केळं, कात्री, कंदील मिळायचं. आनंदाबाई सगळ्यांत मोठ्या मास्तरीण. "आमच्या शाळेत छडी नाई," त्या म्हणाल्या, "तरी कोनी नापास होत नाई. ही एक मनकर्णी होऊन राह्यली."

काकींना वॉर्डाची शाळा पुरली नव्हती. रविवारी नत्थूजींनी दिवसभर त्यांच्याकडून सोमवारची उत्तरं घोकून घेतली होती. चुकल्या की पहिल्यापासून. ती इतकी पक्की बसली की मंगळवारी निघेनात, बुधवारीही निघेनात. बुधवारी शरयू लांब कागद घेऊन आली, आणि तिनं वार विचारायच्या आत काकींनी सोमवार सांगून टाकला. तिनं नवे तीन शब्द सांगितले. काकींनी तिलाच समजावलं की हे नव्हेत, केळं, कात्री, कंदील. पुढे सगळंच घसरत गेलं.

म्हणजे सोमवारचा काटा खोटा, कारण गाठोड्यात दगड घातले होते. आणि बुधवारचा काटाही खोटा, त्याच दगडांपायी. मला वाटलं, सुटलं कोडं. चहा आणायच्या निमित्तानं नत्थूजींना बाहेर पाठवलं आणि काकींना म्हटलं, "काकी, एवढं पाठ कशाला करायचं? साधं विचारलं असतं तरी सांगितलंच असतं ना तुम्ही."

त्या लाडवाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "नसतं सांगता आलं तं?"

आनंदाबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. जिभेची तिखट असली तरी बाई शहाणी होती.

मग काकींनी जे सांगितलं ते मी आजवर इतक्या शांत आवाजात कुणाला सांगताना ऐकलेलं नाही. हे पडण्याच्या आधीपासूनचं होतं. वरणात मीठ दोनदा पडायचं, हे एक. नातवाला हाक मारताना मेलेल्या दिराचं नाव तोंडात यायचं. आणि वेचणीच्या दिवसांत एकदा त्या वावरातून घरी आल्या, गल्लीत उभ्या राहिल्या आणि आपलं दार कोणतं ते कळेना. सगळी दारं ओळखीची, पण आपलं एकही नाही. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. कुणी विचारलं असतं तर काय सांगायचं तेही कळत नव्हतं. शेवटी घरचं कुत्रं शेपूट हलवत आलं आणि एका दारात शिरलं, त्याच्या मागून त्या गेल्या. घरात कुणाला बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून येताना भिंतीला हात लावत लावत यायच्या.

"म्हातारपणी असं थोडंफार होतंच," मी म्हटलं. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

"आमच्या बुढीचं असंच सुरू झालतं," त्या म्हणाल्या.

बुढी म्हणजे त्यांच्या सासूबाई, भागीरथाबाई. मी त्यांना पाहिलेलं नाही. काकी तरण्या असताना भागीरथाबाई हळूहळू सगळं विसरल्या. लेकाला ओळखेनात, सकाळी जेवून दुपारी उपाशी म्हणत, आणि एक सारखा ध्यास, माहेरी जायचा. डोळा चुकला की निघत आणि जाऊन विहिरीच्या काठाशी बसत. दोनदा लोकांनी ओढून आणलं. घरात माणसं मोजकी, वावर पडलेलं. कापूस बोंडातून लोंबायला लागला की तो कुणाची वाट पाहत नाही. तेव्हा काकींनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि वावरात जाताना सासूचा हात खाटेच्या खुराला बांधला. सैल बांधायच्या, पाण्याचा गडवा आणि भाकर जवळ ठेवायच्या. संध्याकाळी येऊन सोडायच्या आणि मनगटाला तेल लावायच्या.

"मी वाईट नव्हती, सूनबाई."

"नव्हतातच."

"पह्यले पह्यले ती रडे. शिव्या दे. मंग चूप झाली." काकींनी आपलं उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं. "शेवटी शेवटी तं मले पट्टी घेतलेली पाह्यली का तिच हात पुढं करे."

दांड्यांमध्ये एक म्हातारा पाऊल टाकत होता, त्याला आधार देणारी मुलगी "शाबास, शाबास" म्हणत होती. नत्थूजी चहा घेऊन येताना दिसले. मी घाईनं विचारलं, डॉक्टरीणबाईंना हे सांगू का? त्या म्हणाल्या, "सांग. खरं काय हाय ते मलेबी पाह्यचं हाय. पन नत्थूले गल्लीचं नोको सांगू." पागलखान्याची गोष्ट खोटी आहे असं मी सांगितलं तर त्यांनी हातानंच ते बाजूला सारलं. त्यांची भीती नागपूरची नव्हती. त्यांची भीती वडनेरच्या त्यांच्याच घरात, खाटेच्या खुराशी होती.

संध्याकाळी शरयू दवाखान्यातून आली तेव्हा मी तिला आमच्या पायरीवर बसवून सगळं सांगितलं. उजळणीचं ऐकताना ती आधी हसली, मग हसणं थांबलं, मग तिनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. वॉर्डातल्या सगळ्याच बायांचे आखूड कागदाचे आकडे आता कुचकामी होते. पण तिला ते लागलं नव्हतं. मागच्या महिन्यात लांब कागदावर कमी गुण पडले म्हणून एका म्हाताऱ्या माणसाला घरी पाठवलं होतं, आणि त्यानंही असंच कुणाचं तरी पाठ केलेलं चुकीच्या दिवशी म्हटलं असेल का, हे तिच्या डोक्यात घुसलं. "काकू, मी काटा तपासत होते," ती म्हणाली, "आणि माणसं त्या काट्यावर चढली होती." त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, न सांगता दोन्ही कागद पुन्हा घ्यायचे, शब्द बदलायचे आणि नत्थूजींना बाहेर बसवायचं, असं ठरवूनच ती उठली.

नत्थूजी बाहेर जायला तयार होईनात. आईसमोर मी नाही दिसलो तर ती घाबरेल, म्हणाले. काकीच त्यांना म्हणाल्या, "जा रे. शाळेत तुह्या जवळ मी बसली होती का कदी?" ते व्हरांड्यात गेले आणि जाळीच्या खिडकीतून दिसत राहिले. माझ्या पदराचं टोक काकींनी मुठीत धरलं होतं, म्हणून मी राहिले. शरयूनं स्टूल जवळ ओढलं. ती हळू बोलत होती, मधे थांबत होती. काकींच्या पायांवरची चादर बोटांच्या ठिकाणी सारखी हलत होती.

वार विचारला. काकींच्या ओठांवर सोमवार आला, मला दिसला, आणि त्यांनी तो गिळला. मग बोटांवर मोजलं. संक्रांत मंगळवारची, दुसऱ्या दिवशी कर, काल आनंदाबाईनं गुरुवार धरला. "सुक्करवार," त्या म्हणाल्या आणि श्वास सोडला. जिल्हा सांगितला, साल सांगितलं, तारखेला अडल्या. नवे तीन शब्द होते पाळणा, विळा, चांदणी. ते लगेच म्हणून दाखवले. शंभरातून सात वजा करत जा म्हटलं तर त्यांनी विचारलं, "कायचे शंभर?" शरयू म्हणाली, नुसतेच शंभर. "निस्ते शंभर मी कदी मोजले नाई माय," त्या म्हणाल्या, पण प्रयत्न केला, दोन पायऱ्या नीट उतरल्या आणि पुढे वाट हरवली.

मग कागद. उजव्या हातात घ्या, अर्धा दुमडा आणि जमिनीवर ठेवा. काकींनी घेतला, नखानं घडी पाडली, कपाळाला लावला आणि मांडीवर ठेवला. शरयूनं पुन्हा सांगितलं, जमिनीवर. काकींनी मान हलवली. "कागद भुईवर ठेवत नाईत. इद्या हाय ते." शरयूची पेन्सिल अडली. आमच्या दोघींच्या हे दिवाळीत लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी घरात पेपरावर मुलांचा पाय पडला तर नमस्कार करायला लावणारी बाई.

चित्र काढायला पेन्सिल दिली ती त्यांनी सुईसारखी धरली. पाच कोनांच्या दोन आकृत्या एकमेकीत अडकलेल्या होत्या. काकींच्या आकृत्या मळणीच्या दोन खळ्यांसारख्या झाल्या, गोल आणि शेजारी शेजारी.

आणि मग शरयूनं विचारलं, मघाचे तीन शब्द कोणते.

"पाळणा," काकी म्हणाल्या.

आम्ही थांबलो. चादरीखालची बोटंही थांबली. माझा पदर इतका ओढला गेला की खांद्यावरची पिन टोचली. त्या वर बघत होत्या, छताच्या कोपऱ्यात, जसं काही तिथे कुणी ठेवलं असेल.

"कंदील," त्या म्हणाल्या. आणि लगेच, अगदी बारीक आवाजात, "नाई. कंदील सोमवारचा होता."

पुढे काही आलं नाही. शरयूनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि पुरे झालं म्हणाली.

व्हरांड्याच्या टोकाला तिनं मला आकडे सांगितले. आखूड कागदावर काकी जेमतेम पार होत्या. लांब कागदावर खाली होत्या. कागद दुमडण्याचा न् चित्राचा गुण त्यांना देऊन टाकला तरी काठावरच. दोन्ही काट्यांत अजूनही मेळ नव्हता, फक्त आता दोन्हींत दगड नव्हते. खोटं काढून टाकलं की खरं आपोआप चांगलं निघेल, असं मी गुरुवारभर धरून चालले होते. तसं झालं नव्हतं.

शरयू परत आत गेली आणि दोन्ही कागदांत नसलेली एक गोष्ट तिनं केली. व्यायाम घेणाऱ्या नलूताईंनी आदल्या दिवशी काकींना लोखंडी वॉकर धरून पावलं दाखवली होती. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग धड पाय. शरयूनं वॉकर समोर ठेवला आणि कुणीही काही सांगू नका अशी खूण केली. काकी उभ्या राहिल्या. घाम फुटला होता. वॉकर पुढे सरकला, दुखरा पाय गेला, धड पाय गेला. आणि पुन्हा तसंच. आरशापर्यंत जाऊन त्यांनी स्वतःकडे बघितलं आणि आनंदाबाईंना म्हणाल्या, "कोन म्हातारी हाय वं ही?" क्षणभर मी घाबरले. पण त्या हसत होत्या.

शनिवारी मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि शरयूला विचारलं, यातला कुठला खरा मानायचा? ती म्हणाली, एकटा कुठलाच नाही. बाईंना चालणं शिकता येतंय, ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून त्यांना ठेवा. वॉर्डात प्रश्न कसे फुटले तेही तिनं तिथेच सांगितलं, स्वतःकडे कमीपणा घेऊन. डॉक्टरांनी दोन्ही कागद पुन्हा एकदा चाळले. मग होळीपर्यंत ठेवा म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. आनंदाबाईंनी चांगल्या हातानं मांडीवर थाप मारली.

नत्थूजी आत आले ते जवळजवळ धावतच. "मंग पास ना?" त्यांनी विचारलं.

शरयूला खोटं बोलता आलं असतं. तिनं काकींकडे पाहिलं, काकींनी मान हलवली, तेव्हा तिनं सांगितलं. आई चालेल, काठी धरून घरभर फिरेल, अंगणात बसेल. पण विसरणं सुरू झालेलं आहे. ते इथेच थांबेल की वाढेल, हे आज कुठल्याही कागदावरून सांगता येत नाही. एकटीला विहिरीकडे पाठवू नका, चुलीजवळ कुणीतरी असू द्या.

विहिरीचं नाव निघालं आणि नत्थूजींचा चेहरा बदलला. मला तेव्हा कळलं की हा माणूस रविवारभर आईकडून कशासाठी घोकून घेत होता. भागीरथाबाईंच्या वेळी तो काही तान्हा नव्हता. खाटेचा खूर त्यानंही पाहिला होता, पट्टीही पाहिली होती. वेचणीच्या दिवसांत तो आणि त्याची बायको वावरात जातात तेव्हा घरी कोण असतं, हेही त्याला ठाऊक होतं. तो वाकून आईच्या पायांवरची चादर नीट करू लागला. नीटच होती ती.

काकींनी चादरीखालून उजवा हात काढला आणि त्याच्या मनगटावर ठेवला.

"नत्थू," त्या म्हणाल्या, "मी भुलली तं भुलली. तुले नाई ओळखलं तं रागावू नोको. वावरात जाशीन तं बाहेरून कडी लावून जाजो. पन मले बांधू नोको."